ट्रायथलॉनची तयारी करणाऱ्या भावाला सुट्टीत काय भेट द्यावी?

धाकटी_बहीण

नमस्कार मंडळी. माझा दादा 41 वर्षांचा आहे. सहा वर्षं झाली पळतोय, चार मॅरेथॉन झाल्यात, आणि गेल्या वर्षभरात सायकल आणि पोहणंही धरलंय. येत्या हंगामात तो पहिल्यांदा पूर्ण अंतराची ट्रायथलॉन करणार आहे. 3.8 किलोमीटर पोहणं, 180 किलोमीटर सायकल आणि त्यावर अख्खी मॅरेथॉन, सगळं एकाच दिवशी. ऐकूनच माझ्या पोटात गोळा आला होता.

सुट्टीत आम्ही सगळे एकत्र जमणार आहोत. त्याला असं काहीतरी द्यायचंय जे तो खरोखर वापरेल. मी स्वतः पळत नाही, त्यामुळे यातलं काही कळत नाही, आणि मागच्या वर्षी माझी चूकही झाली. त्याच्या ऑफिसच्या बुटाचा आतला नंबर बघून मी पळायचे महागातले बूट आणले. त्याने तिथल्या तिथे घालून दाखवले, "मस्त आहेत" म्हणाला. परवा त्याच्याकडे गेले तर खोका कपाटावर तसाच. उघडून पाहिलं, तळव्यांना धुळीचा कणसुद्धा लागलेला नव्हता. मी काही बोलले नाही, पण मनाला लागलं.

वहिनी म्हणते, त्याच्या खेळाचं सामान घरात मावत नाही, काही आणू नकोस. पण रिकाम्या हाताने जायचं नाही मला. काय घेऊ? आणि मुख्य म्हणजे काय घेऊ नको?

ब्रेवेवाला

सोपा मार्ग सांगतो. तो जिथून सामान घेतो त्या दुकानाचं गिफ्ट कार्ड द्या, किंवा एखाद्या शर्यतीची प्रवेश फी भरा. आम्हा लोकांना आणखी काही लागत नाही. मी लांब पल्ल्याच्या सायकलिंगमधला माणूस आहे, 200, 300, 400, 600 किलोमीटरच्या राइड करतो, आणि दर वर्षी घरचे विचारतात तेव्हा माझं उत्तर हेच असतं.

पहाटेची_फेरी

ताई, तुमचा प्रश्न वाचून राहवलं नाही. मी 14 वर्षं लांब पल्ल्याचं धावतेय आणि त्यातली शेवटची सहा सायकलही चालवतेय. बुटांबद्दल आधी सांगते, कारण ते तुमच्या मनाला लागलंय आणि त्यात दादाचा काही दोष नाही. तुमचाही नाही.

पळायचा बूट ऑफिसच्या बुटाच्या नंबराने घेता येत नाही. लांब पळताना पाय सुजतो, आणि उतारावर चवडा पुढे सरकतो. म्हणून अंगठ्याच्या पुढे साधारण एका बोटाच्या रुंदीएवढी जागा मोकळी ठेवून बूट घेतात. ती नसेल तर नखं काळी पडतात, पुढे गळूनही जातात. दुसरी गोष्ट टाचेच्या उंचीची. बुटाची टाच चवड्यापेक्षा किती मिलिमीटर उंच आहे, याचा मॉडेलप्रमाणे फरक असतो. कुठे 0, कुठे 4, कुठे 10 किंवा 12. वर्षानुवर्षं 10 वर पळालेला माणूस एकदम 4 वर गेला की पोटऱ्या आणि टाचेमागची शीर जास्त ताणली जाते. तयारी ऐन भरात असताना ही जोखीम कुणीच घेत नाही. तुमच्या दादाने बूट घातले नाहीत, पण ते कुणाला देऊनही टाकले नाहीत. जपून ठेवले. मला त्यात तुमच्याबद्दलची माया दिसते.

आता माझ्यावर गुदरलेलं सांगते. काही वर्षांपूर्वी ऑफिसातल्या मैत्रिणींनी वर्गणी काढून मला हायड्रेशन व्हेस्ट दिला, म्हणजे पळताना पाणी सोबत न्यायला अंगात घालायचं जाकीट. सुंदर होता. दिला कधी, तर शर्यतीच्या चार दिवस आधी. त्यांनी इतक्या प्रेमाने दिलाय, फोटोत दिसायला हवा, म्हणून मी शर्यतीला तोच घातला. डाव्या काखेखाली आतल्या बाजूला एक शिवण होती, हाताला लागलीसुद्धा नसती एवढी बारीक. अठराव्या किलोमीटरला तिथे चुरचुरायला लागलं. तिसाव्याला टीशर्ट रक्ताने चिकटला होता. घामातलं मीठ त्या सोलवटलेल्या जागी झिरपत होतं आणि मी दर पावलागणिक हात अंगापासून लांब धरून पळत होते. त्यामुळे खांदा आखडला, पाठ आखडली. महिनाभर डाग होता. त्या मैत्रिणींना मी आजवर हे सांगितलेलं नाही.

म्हणून माझं म्हणणं असं, की आमच्यासारख्यांना दिलेली वस्तू पडून राहिली तर तेवढं बिघडत नाही. देणाऱ्याचं मन राखायला ती नको त्या दिवशी वापरली गेली, तर खरं नुकसान होतं. शर्यतीच्या दिवशी अंगाला नवीन काही लावायचं नाही, हा आमचा पहिला नियम, आणि भेटवस्तू तो मोडायला लावते.

यातून मी शिकले ते हे: नवीन काही शोधू नका. त्याची जी वस्तू वापरून वापरून झिजलीय, तीच, त्याच मॉडेलची, त्याच मापाची परत आणा. या खेळात सगळं झिजतं. बूटच घ्या. साधारण 500 ते 800 किलोमीटरमध्ये मिडसोलचा, म्हणजे तळव्याच्या मधल्या थराचा, फोम दबतो. आठवड्याला 40 किलोमीटर पळणाऱ्याचा जोड तीन ते पाच महिन्यांत संपतो. तेव्हा बूट द्यायचेच असतील तर सध्याच्या बुटाची जीभ उलटून आतलं लेबल बघा आणि नाव, आवृत्तीचा आकडा, माप, रुंदी जसंच्या तसं उतरवून घ्या. आवृत्तीचा आकडा विसरू नका. कंपन्या नाव तेच ठेवतात आणि आतला साचा बदलतात.

वहिनींची मदत घ्या. घरात जाऊन बघायच्या जागा सांगते. कपडे वाळत घालतात ती दोरी, सायकलजवळचा कोपरा, पोहण्याची पिशवी आणि कचऱ्याचा डबा. दोरीवर मोजे दिसतील. अंगठ्यापाशी विरलेले असतील तर त्याच मोज्यांचे चार जोड आणा. मोजे ही क्षुल्लक भेट वाटेल तुम्हाला, पण नाही. सुती मोजा घाम धरून ठेवतो, ओली कातडी मऊ पडते, मग घासून फोड येतो. 42 किलोमीटर त्या फोडावर पाय टेकत जायचं. चांगला मोजा मेरिनो लोकरीचा किंवा कृत्रिम धाग्याचा असतो. असा जोड माणूस स्वतःसाठी घेताना हात आखडतो, म्हणूनच भेट म्हणून तो फार भावतो.

कचऱ्याच्या डब्यात जेलची, म्हणजे पळताना ताकदीसाठी खायच्या गोड घट्ट पाकाची, रिकामी पाकिटं सापडतील. त्याच कंपनीचं, त्याच चवीचं खोकं आणलंत तर तो खूश होईल. वेगळं मात्र आणू नका. लांब शर्यतीत तासाला 30 ते 60 ग्रॅम कर्बोदकं पोटात जावी लागतात. ग्लुकोज आणि फ्रुक्टोजचं मिश्रण असेल तर सराव झालेली माणसं 90 ग्रॅमपर्यंतही जातात. पळता पळता एवढं पचवायची सवय पोटाला महिनोन्‌महिने लावावी लागते. ती एका ठरावीक जेलची लागलेली असते. पाकिटावर कॅफिन आहे की नाही तेही बघा, आणि वापरायची शेवटची तारीख शर्यतीच्या पुढची हवी.

ब्रेवेवाले दादा, गिफ्ट कार्ड ठीकच आहे, पण प्रवेश फीचं मला पटत नाही. कोणती शर्यत, कोणत्या महिन्यात, हे त्याच्या तयारीच्या वेळापत्रकावर ठरतं. शिवाय बहुतेक ठिकाणी प्रवेश एकदा नावावर झाला की दुसऱ्याला देता येत नाही. त्याने आधी ठरवलेली शर्यत असेल आणि ताईंनी फक्त पैसे भरले तर उत्तम. आपल्या मनाने नोंदणी करून टाकू नये.

ब्रेवेवाला

मान्य. ठरलेल्या शर्यतीची फी, असंच म्हणायला हवं होतं मी. एक भर घालतो. अंधारात सायकल किंवा पळणं होत असेल तर घोट्याला बांधायच्या चमकत्या पट्ट्या द्या. अंगावरचं रिफ्लेक्टिव्ह जॅकेट लांबून नुसता एक ठिपका दिसतो. घोटे आणि गुडघे वरखाली हलताना दिसले की हा माणूस आहे हे ड्रायव्हरला लवकर उमगतं. वजन नाही, मापाची भानगड नाही, आणि शर्यतीच्या दिवशीच्या नियमाशी काही संबंध नाही. आणि नाव, रक्तगट, घरचा नंबर कोरलेली मनगटपट्टी. माझ्या मुलीने दिलेली मी आंघोळीलासुद्धा काढत नाही.

धाकटी_बहीण

तुम्हा दोघांचे किती आभार मानू. पहाटेची_फेरी ताई, बुटांचं वाचून डोळ्यांत पाणी आलं. मी वर्षभर उगाच मनात घेऊन बसले होते.

काल दादा पोहायला गेला तेव्हा वहिनीने मला व्हिडिओ कॉल करून सगळं दाखवलं. माझी यादी:

मोज्यांचे सहा जोड. त्यातले तीन अंगठ्यापाशी विरलेत, एकाला तर वहिनीने रफू केलंय. छातीला बांधतात तो हृदयाचे ठोके मोजणारा पट्टा, त्याच्या आतल्या बाजूचा काळा रबरी थर सुटायला लागलाय. वहिनी म्हणाली, "हल्ली सारखा चिडतो, घड्याळ चुकीचे ठोके दाखवतंय म्हणून." पाण्याची पाठीवरची पिशवी आहे, तिच्या नळीत आत काळे ठिपके दिसताहेत. पोहण्याचे दोन गॉगल, दोन्ही एकाच प्रकारचे, एक पार धुरकट झालेला. सायकलच्या बुटाच्या तळव्याला एक पिवळा प्लास्टिकचा त्रिकोणी तुकडा आहे, तो एका बाजूने पूर्ण घासलाय.

यातलं काय घेऊ? आणि माझे मिस्टर म्हणतात, स्नायूंना मालिश करायची ती मशीन घेऊ, छान दिसते. घ्यावी का?

पहाटेची_फेरी

ताई, तुम्ही आणि वहिनींनी पाच मिनिटांत जेवढं टिपलंत, तेवढं तो स्वतःसुद्धा बघत नसेल. एकेक सांगते.

छातीचा पट्टा आधी. मनगटावरचं घड्याळ प्रकाशाने ठोके मोजतं. थंडीत किंवा हात जोरात हलत असताना ते चुकू शकतं, म्हणून गंभीर सराव करणारे छातीचा पट्टा लावतात. त्या काळ्या थरांतूनच हृदयाचा विद्युत संकेत घेतला जातो. घामाने आणि मिठाने तो थर कालांतराने मरतोच. पुष्कळ मॉडेलमध्ये मधला सेन्सर बटणासारखा टचकन निघतो आणि नुसता पट्टा वेगळा मिळतो. सेन्सरच्या मागचं मॉडेलचं नाव टिपून घ्या, पट्टा त्याच मॉडेलला चालणारा हवा. मागे झाकण असेल तर आत बहुधा सीआर 2032 ही चपटी बॅटरी असते. तिथे लिहिलेलं वाचून दोन बॅटऱ्या सोबत ठेवा. त्याची चिडचिड थांबवणारी भेट हीच.

तो पिवळा तुकडा म्हणजे क्लीट, बूट पेडलमध्ये अडकवणारा. हे सावधपणे घ्या. तीन स्क्रूचे आणि दोन स्क्रूचे असे वेगळे प्रकार आहेत, शिवाय प्रत्येक कंपनीच्या पेडलला तिचेच लागतात, आणि एकाच कंपनीत रंगानुसार पाय किती अंशांत हलू शकतो हे बदलतं. पिवळा असेल तर पिवळाच. फोटो काढून दुकानात दाखवा. जुन्याच्या जागी नवीन बसवायचं काम मात्र त्याचं त्याला करू द्या. क्लीट दोन मिलिमीटर सरकला तरी गुडघा बोलायला लागतो.

पाण्याच्या नळीतले ते काळे ठिपके बुरशीचे असणार. त्यातूनच तो पाणी पितोय. नळी साफ करायचा लांब लवचीक ब्रश आणि पिशवी उघडी ठेवून वाळवायचा हँगर असा संच मिळतो. मी तुमच्या जागी असते तर हे नक्की घेतलं असतं. इतकी साधी वस्तू आहे, पण स्वतःहून कुणी घेत नाही, आणि सहा तासांच्या राइडच्या मध्यावर पोट बिघडलं तर सगळी तयारी पाण्यात.

गॉगल त्याच मॉडेलचा घ्या. नाकावरचा पूल आणि डोळ्याभोवतीची कड प्रत्येक चेहऱ्याला वेगळी बसते, दुसऱ्या मॉडेलमध्ये पाणी शिरेल. काच गडद आहे की पारदर्शक ते विचारा. पूर्ण अंतराची शर्यत पहाटे उघड्या पाण्यात सुरू होते आणि सूर्य समोर असला की खुणेचा फुगा दिसत नाही. त्याचे दोन्ही पारदर्शक असतील तर त्याच मॉडेलचा गडद आणा. म्हटलं तर नवीन, पण चेहऱ्याला ओळखीचा. आणि त्याला सांगा, आतल्या बाजूने बोटाने पुसायचं नाही. धुकं धरू नये म्हणून आत पातळ थर असतो, तो बोटाने निघतो. धुरकटलेल्याची तीच गत झाली असणार.

मालिशची मशीन राहू द्या. वाईट नाही ती, पण घरात वस्तू मावत नाहीत असं वहिनी सांगताहेत, आणि हवी असती तर त्याने आतापर्यंत घेतली असती. दुखऱ्या जागी ती जोरात दाबून दुखणं वाढवलेली माणसंही मी पाहिली आहेत.

मोजे तर घ्याच. मोज्यांशी माझी एक आठवण आहे. मी पहिली 100 किलोमीटरची शर्यत केली तेव्हा 65 व्या किलोमीटरला घरच्यांना भेटायची परवानगी होती. माझी मावशी तिथे घडीची खुर्ची घेऊन बसली होती. वय 63, आयुष्यात कधी पळालेली नाही. रात्रभर पाऊस होता, माझे पाय पाण्यात भिजून पांढरेफटक, सुरकुतलेले. तिने काही न विचारता बूट काढले, पाय मांडीवर घेतले, टॉवेलने बोटांच्या बेचक्यांतून पुसले, व्हॅसलिन लावलं आणि स्वतःच्या स्वेटरच्या आतून मोजे काढले. अंगाशी धरून गरम ठेवले होते. माझेच मोजे, रोजच्या वापरातले. उरलेले 35 किलोमीटर मी त्यावर पळाले.

पण एक लक्षात ठेवा, ट्रायथलॉनमध्ये असं करायचं नाही. बाहेरच्या माणसाकडून मदत घेणं तिथे सहसा नियमाबाहेर असतं. पाण्याची बाटली दिलीत तरी त्याला दंड होऊ शकतो, बादही करतात. तुम्ही गेलात तर नुसती हाक मारा. मॅरेथॉनच्या 30 ते 35 किलोमीटरच्या पट्ट्यात उभ्या राहा, तिथे शरीरातली साठवलेली साखर संपत आलेली असते आणि माणूस आतून रिकामा होतो. अशा वेळी घरच्या माणसाचा आवाज खूप लांबून ओळखू येतो.

रविवारची_वाट

मी यातलं काही करत नाही, माझा नवरा करतो. वहिनींच्या बाजूने दोन शब्द लिहिते.

पूर्ण अंतराच्या तयारीत शनिवारी पाच-सहा तासांची सायकल आणि रविवारी दोन-अडीच तासांचं पळणं असतं. शेवटचे तीन-चार महिने असेच जातात. आठवड्यातून दोनदा पहाटे साडेचारचा गजर मलाही ऐकू येतो. मुलांचे तास, बँक, आजारपणं, आल्यागेल्याचं बघणं, सगळं एकीवर पडतं. मी कुरकुर करत नाही, त्याला पळताना बघून मला बरं वाटतं. पण गेल्या हंगामात माझी नणंद म्हणाली, "चार शनिवार मुलं माझ्याकडे," आणि खरंच चार तारखा लिहून दिल्या. त्या शनिवारी मी एकटी बसून चहा प्यायले, एकदा नुसती झोपले. माझ्या नवऱ्याला त्या वर्षी मिळालेल्या सगळ्या भेटींत त्याने सर्वांत जास्त वेळा नाव काढलं ते याच भेटीचं, कारण घरातून निघताना त्याचं मन अडकत नव्हतं.

जमणार असेल तर तारखा लिहूनच द्या. "कधीही सांग" म्हटलं की आपण सांगत नाही.

धाकटी_बहीण

रविवारची_वाट ताई, हे तुम्ही लिहिलंत आणि मी लगेच वहिनीला फोन केला. ती आधी "छे, कशाला" म्हणाली. मग थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, "दुसरा शनिवार चालेल का तुला?" चार नाही, पाच शनिवार ठरलेत. कार्डावर तारखा लिहिल्या आहेत, पाकिटावर दोघांची नावं आहेत.

दादासाठी त्याचेच मोजे चार जोड, छातीचा पट्टा, दोन बॅटऱ्या (मॉडेल वहिनीने कागदावर उतरवून पाठवलं) आणि नळीचा ब्रश. गॉगल दोन्ही पारदर्शकच निघाले, तेव्हा तोही गडद काचेचा सांगितलाय. क्लीटचा फोटो दुकानात दाखवला, तर त्यांनी उलट मलाच विचारलं, पेडल कोणतं? ते विचारून मग घेईन. मिस्टरांनी घोट्याच्या पट्ट्यांचे दोन जोड घेतले, एक दादाला आणि एक स्वतः संध्याकाळी फिरायला जातात म्हणून.

आणि बुटांचं मी त्याला सरळ विचारलं. फोनवर तो बराच वेळ काही बोललाच नाही. मग म्हणाला, "अंगठा टेकतो गं पुढे. तुला सांगवेना." अर्धा नंबर लहान होते. माझ्या मावसभावाला ते बरोबर बसतात, तो नुकताच पळायला लागलाय, आणि रविवारी दादा स्वतः त्याला घेऊन जाणार आहे.